पायानं भरलेली काडतुसं

९ डिसेंबर १९९१, सोमवार

ठरलं. क्लॅरीला काडतुसं भरायचं यंत्र हवंय, आणि ते मी करून देणार अशी त्याची समजूत आहे. मी आयुष्यात साधा पाट केलेला नाही. संस्कृत घेऊन बीए झालेल्या बाईकडून या गावाच्या काय काय अपेक्षा असाव्यात!

झालं ते असं. काल नेमबाजी क्लबची सभा. मी साप्ताहिकाची वार्ताहर म्हणून कोपऱ्यात, मांडीवर वही, वहीवर लॅमिंग्टन, म्हणजे खोबऱ्यात घोळलेला केक. विषय मार्चमधली अदलाबदल. इथला हा जुना प्रकार मला अजून थोर वाटतो. प्रत्येकानं घरी स्वतः भरलेल्या काडतुसांची एक पेटी आणायची, टेबलावर ठेवायची, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जी पेटी निघेल ती घेऊन मैदानात उतरायचं. स्वतःची काडतुसं स्वतः झाडायची नाहीत. म्हणजे शेजाऱ्यानं काय भरलंय ते देवाला ठाऊक, आणि तुम्ही ते गालाशी धरून चाप ओढणार. लग्नातसुद्धा इतका विश्वास लागत नाही.

गेल्या मार्चमध्ये क्लॅरीची पेटी नेव्हिलला निघाली. नेव्हिल टॉल्मी, क्लबचा सेक्रेटरी, निवृत्तीआधी गव्हाच्या कोठारांवर मुख्य होता. दाणान् दाणा मोजलेला माणूस. एक काडतूस नुसतं फुस्स झालं आणि आतली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गद्दी नळीत अडकून बसली. त्यावर दुसरा बार काढला असता तर नळी फुटून नेव्हिलचा हात गेला असता. नेव्हिलनं आधी नळीत डोकावून पाहिलं म्हणून वाचला. नेव्हिल सगळ्यातच आधी डोकावून पाहतो.

तेव्हा क्लॅरीच्या पक्षाघाताला चार महिने झाले होते. उजवा हात थरथरतो, जोर नाही.

काल नेव्हिलनं नियम मांडला. "ज्याच्या पेटीतलं एक जरी काडतूस फसेल, त्याची पेटी पुन्हा टेबलावर नाही. कधीच नाही." सगळ्यांनी चहात बघितलं. क्लॅरीकडे कोणी बघेना, त्यामुळे सगळे त्याच्याकडेच बघतायत असं वाटलं.

क्लॅरी म्हणाला, "मग मी काय करायचं? बायकांबरोबर स्कोन भाजू?"

"तुझे स्कोन खाल्लेत मी," नेव्हिल म्हणाला. "त्यापेक्षा काडतुसंच भर."

हसले सगळे. नियम मंजूर झाला.

घरी येताना क्लॅरी माझ्या गाडीत होता. आमचं आणि त्याचं कुंपण एकच. त्यानं काच खाली केली. मग म्हणाला, "नेम चुकला तर चुकू दे, मँडी. गेली दहा वर्षं चुकतोच आहे. पण क्लब निघाला तेव्हापासून त्या टेबलावर माझी पेटी आहे. ती नसेल तर मी तिथं जाऊन काय करू? माश्या मारू?"

मी म्हटलं, काहीतरी करू. हे 'करू' नडलं.

१२ डिसेंबर

त्याच्या शेडमध्ये जाऊन मूळ यंत्राचं दर्शन घेतलं. टेबलाला बोल्टनं बसवलेला लोखंडी दाबा, बाजूला लांब दांडा. रिकामं काडतूस खाली ठेवायचं आणि दांडा ओढायचा, जुनी टोपी, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी बारीक वाटी, निघते. पुन्हा ओढायचा, नवी टोपी बसते. मग बंदुकीची दारू, मग गद्दी, मग छर्रे, आणि शेवटी पुन्हा दांडा, तोंड मिटलं. एका काडतुसाला इतकी ओढाताण, आणि सगळी दक्षिणहस्ताची. क्लॅरीनं करून दाखवलं. दांडा अर्ध्यात आला की हात झटका मारतो. दारू ओतताना निम्मी टेबलावर.

"पाचही बोटं वेगवेगळ्या पक्षांत आहेत," म्हणाला.

पाय मात्र दोन्ही ठणठणीत. डोक्यात काहीतरी हललं. इतक्यात लिहीत नाही.

(लिहिताना 'तो' म्हणते खरी. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, तिकडे आपल्या देशात असता तर 'ते' झाला असता. इथं येऊन वीस वर्षं झाली, सवय मोडली. त्यांनी तरी आमची नावं कुठं धड ठेवलीत? मंदाकिनी म्हणजे आकाशातली गंगा, तिची मँडी केली. दिगंबरचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, डिगर झाला. लढाईवर गेलेल्या म्हाताऱ्यांना इथं डिगर म्हणतात. आमच्या जनावरांच्या डॉक्टरला ती पदवी गोळी न झाडता मिळाली.)

१५ डिसेंबर, रविवार

पहिला प्रयोग. श्रेय पूर्णपणे दिगंबरचं.

मेंढ्यांच्या घशात जंताचं औषध मारायची पिचकारी असते. प्रत्येक दाबाला ठरलेलं माप बाहेर. दिगंबर म्हणाला, त्यात छर्रे भरले तर मोजायचा प्रश्नच मिटला. डाव्या हातानं दाबायची की झालं. ऐकायला शास्त्रशुद्ध. पहिल्या दाबाला काही आलं नाही. दुसऱ्याला काही नाही. तिसऱ्याला सगळं आलं. शेडभर. पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज, क्लॅरीचा कुत्रा टेबलाखाली.

"मेंढीसुद्धा यापेक्षा कमी थुंकते रे, डिगर," क्लॅरी म्हणाला.

छर्रे वेचताना पाठ मोडली. अजून एक माझ्या अंबाड्यात सापडला.

२१ डिसेंबर

शेडमागं एक ट्रॅक्टर उभा आहे. क्लॅरीच्या बापानं घेतलेला. चाकं जमिनीत गेलीत, आत कोंबड्या अंडी घालतात. त्याचं क्लचचं पेडल काढलं! मोठ्या माणसाच्या पावलाएवढं, बिडाचं, जन्माचं मजबूत. कल्पना माझी. बोल्ट काढले दिगंबरनं. शिव्या क्लॅरीनं घातल्या, कारण बोल्ट तीस वर्षांचे. एका कोंबडीनं शेवटपर्यंत जागा सोडली नाही, तिच्या भोवतीनं काम केलं.

पेडल टेबलाखाली. तिथून मोटरसायकलच्या ब्रेकची तार, कप्पीवरून वर, दांड्याला. पाय दाबला की दांडा खाली. निदान कागदावर.

प्रत्यक्षात पाय दाबला आणि सगळं टेबलच वर आलं. टेबल जमिनीला ठोकलेलं नव्हतं. यंत्रशास्त्रातला हा अध्याय आमच्याकडून राहून गेला होता.

२५ डिसेंबर

क्लॅरी जेवायला. श्रीखंड हॅमला लावून खाल्लं, "सॉस झकास आहे" म्हणाला. दिगंबरनं खिडकीबाहेर बघितलं.

२ जानेवारी १९९२

चाललं. चाललं, चाललं!

टेबल आता काँक्रीटला ठोकलंय. परत येण्यासाठी दांड्याला फाटकाची स्प्रिंग. क्लॅरीनं बूट काढले, मोज्यांनिशी बसला, पाय टेकवला आणि हळू दाबला. टोपी सरळ आत गेली. त्यानं काडतूस उलटं करून खिडकीशी धरलं, अंगठा फिरवला. परत फिरवला.

"बस," एवढंच म्हणाला. मग खिडकीतून कुरणाकडं बघत राहिला. मेंढ्या होत्या. नेहमीच्याच.

दारू आणि छर्ऱ्यांसाठी त्यानं स्वतः लाकडाची सरकपट्टी केलीय. पट्टीत दोन भोकं, एक दारूचं, एक छर्ऱ्यांचं. डाव्या हातानं सरकवली की माप आपोआप खाली पडतं. भोकं करायला डाव्या हातानं किती दिवस लागले ते सांगितलं नाही. शेडच्या कोपऱ्यात फसलेल्या पट्ट्यांचा ढीग दिसला. मी पाहिला नाही असं दाखवलं.

६ जानेवारी

नेव्हिलला फोन. पायानं भरलेलं चालतं का? नियमात 'स्वतः भरलेली' एवढंच आहे. मागं त्याचं घड्याळ ऐकू येत होतं.

"पाय त्याचाच आहे ना?"

"बूट काढून दाखवला त्यानं."

"मग चालेल. पण नियम तोच, मँडी. एक फसलं की संपलं."

"सगळ्यांना?"

"नियम म्हटला की सगळ्यांनाच," म्हणाला. फोन ठेवला. या माणसाच्या अंगात कणा आहे की पोलादी फूटपट्टी?

११ जानेवारी

आता गद्दी. दारू आणि छर्रे यांच्या मधली. आजकाल प्लॅस्टिकच्या मिळतात, पण आमचं मैदान म्हणजे मेंढ्यांचं कुरण. प्लॅस्टिक गवतात पडतं, मेंढी खाते, आणि मग दिगंबरला रात्री फोन. म्हणून क्लबात फक्त नमद्याची. शहरातल्या ज्या दुकानातून नमदा यायचा ते बंद झालं. क्लॅरी म्हणतो, "माझ्या दारात चारशे मेंढ्या लोकर घालून फिरतायत, आणि मी नमदा विकत आणू?"

नमदा करायचं काम माझ्याकडं. गरम पाणी, साबण, लोकर पसरून रगडायची, लाटायची, पुन्हा रगडायची. हात पोळपाटावर तयार झालेले, त्यामुळे जमलं. क्लॅरी कुंपणावरून ओरडत होता, "फार धुऊ नकोस! चरबी राहू दे! चरबीनं नळी गुळगुळीत राहते. माझा बाप लोकर न धुताच वापरायचा."

राहू दिली. हात लोण्यासारखे मऊ झालेत. घराला मात्र मेंढवाड्याचा वास.

१८ जानेवारी

पाइपच्या तुकड्याला धार लावून पंच केला. नमद्यावर ठेवून हातोडा मारला की गोल गद्दी निघते. क्लॅरी डाव्या हातानं मारतो, नेम चुकला तर माझ्या बोटांवर. सावध बसते.

२६ जानेवारी, रविवार

चाचणी. लिहायला नको वाटतंय.

बेचाळीस डिग्री; इथं जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. क्लॅरीनं भरलेली काडतुसं आठवडाभर त्याच्या पिकअपमध्ये, काचेपाशी होती. त्यानं मुद्दाम ठेवली होती. "मार्चमध्ये पण ऊन असतं, तेव्हा चालायला हवीत." दिगंबरनं बंदूक धरली. पहिला बार बरा. दुसरा फुस्स. दिगंबरनं बंदूक उघडून नळी साफ केली. तिसरा फुस्स. चौथा नीट. पाचवा नुसता धूर.

क्लॅरी ड्रमवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नेव्हिलचं बरोबर आहे," म्हणाला. "उद्या कोणाचा तरी हात जाईल."

दिगंबर रिकामी काडतुसं वेचायला लागला. माश्यांचं बोलणं चालूच होतं.

२७ जानेवारी

शेडला कुलूप.

२८ जानेवारी

कुलूप. संध्याकाळी पराठे घेऊन गेले. दार किलकिलं करून घेतले आणि "थँक्स, मँडी" म्हणून लावून घेतलं. बरा असताना एक वाक्य टोमण्याशिवाय बोलत नाही. भीती वाटली.

३० जानेवारी

सुटलं कोडं! दिगंबरच्या नाकानं.

उरलेली काडतुसं दिगंबरनं मागून आणली. सुरीनं एक कापून बशीत दारू ओतली. करडी असायला हवी, तर ढेकळं. बोटात चोळली. वास घेतला. पुन्हा घेतला. वीस वर्षं ज्या प्राण्यांच्या मागं गेली त्यांचा वास ओळखणार नाही तर काय.

"मंदा, हिला मेंढीचा वास येतोय."

मी चोळून पाहिली. नमदा रगडताना बोटं झाली होती तश्शी. लोकरीतली चरबी! मी आवडीनं राखलेली, क्लॅरीनं कुंपणावरून आग्रह करकरून राखवलेली. पिकअपच्या काचेपाशी वितळली आणि खाली दारूत उतरली. हातांचा काही संबंध नाही. यंत्राचाही नाही. अपराधी मेंढी.

दोघं पळतच कुंपण ओलांडून गेलो. माझी साडी तारेत अडकली, फाटली, जाऊ दे. दिगंबरनं क्लॅरीच्या नाकाखाली बशी धरली.

क्लॅरीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.

"माझा बाप," म्हणाला, "मधे पुठ्ठ्याची चकती घालायचा. मी म्हणायचो, म्हातारा उगाच वेळ घालवतोय."

१ फेब्रुवारी

पुठ्ठा. दारूच्या आणि गद्दीच्या मधे चकती, म्हणजे चरबी खाली उतरणार नाही. कुठला पुठ्ठा? बिअरच्या खोक्याचा, अर्थातच. जाडीला तंतोतंत. खोकी रिकामी करायची जबाबदारी दिगंबरनं स्वतःहून शिरावर घेतली. इतकी निष्काम सेवा मी पाहिलेली नाही.

नमदासुद्धा नव्यानं केला, यावेळी खळखळून धुऊन.

१६ फेब्रुवारी

पंधरवडाभर उन्हात तापलेली काडतुसं. पुन्हा तेच कुरण, तोच ड्रम, पण क्लॅरी बसला नाही. प्रत्येक बाराला मी डोळे मिटले. सगळे वाजले. सगळे! दिगंबर वळून म्हणाला, "क्लॅरी, खांदा दुखला." क्लॅरी म्हणाला, "काडतूस नाही, तुझा खांदा बनावट आहे."

टोमणा परत आला. मी रात्री गोडाचा शिरा केला.

१ मार्च

शेडमध्ये क्लॅरी एकटाच भरतोय. मला आत घेत नाही. "स्वतः म्हणजे स्वतः." बाहेरून ऐकू येतं: पेडलचा खडखडाट, स्प्रिंगचा ठण्, मग थोडी शांतता. ती शांतता म्हणजे तो काडतूस उलटं करून अंगठा फिरवत असणार.

८ मार्च, रविवार

अदलाबदल. दमले आहे, पण आत्ताच लिहिते.

टेबलावर चौदा पेट्या. क्लॅरीची तेराव्या जागी, सगळ्यांसारखी तपकिरी. चिठ्ठ्या मी काढल्या. शारलीन, शाळेच्या बसची ड्रायव्हर, तिला क्लॅरीची निघाली. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं. "मला तीन पोरं आहेत, क्लॅरी."

"तिन्ही मी पाहिलीत," क्लॅरी म्हणाला. "तुलाच हौस असेल घरी परत जायची."

शारलीन उभी राहिली. मातीची तबकडी उडाली, बार वाजला, तबकडी फुटली. क्लॅरी तबकड्यांकडं बघतच नव्हता. पाठ करून, मान खाली, नुसता ऐकत होता. कुठली फुटली, कुठली निसटली, त्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मी गुण लिहीत होते, पण कान मीही तिकडंच. शेवटचा बार झाला. एकही फुस्स नाही. शारलीन येऊन त्याच्या टोपीवर टपली मारून गेली. क्लॅरीनं टोपी सरळ केली, वाकडी नसताना.

आता त्याची पाळी. त्याला निघालेली पेटी नेव्हिलची. हशा झाला. "आता कळेल, कोणाला डोकावून बघायला हवं ते!" कोणीतरी ओरडलं. नेव्हिल हसला नाही. त्यातही नवीन काही नाही.

क्लॅरी हल्ली डाव्या खांद्यावरून मारतो. अर्ध्या तबकड्या सुखरूप जातात. मध्यावर आला, तबकडी उडाली, चाप ओढला, आणि खट्. नुसतं खट्.

क्लॅरी नियमाप्रमाणे बंदूक तशीच समोर धरून थांबला. मग उघडली. काडतूस बाहेर काढलं. उलटं केलं, अंगठा फिरवला.

नेव्हिल मागून चालत आला. "काय झालं?"

"बंदूक."

"काडतूस बघू."

"बंदूक म्हणतोय ना, नेव. घोड्याची कमान सैल झालीय. माझ्यासारखीच म्हातारी." काडतूस शर्टाच्या खिशात गेलं. मग माझ्याकडं वळून, "मँडी, लिही. बंदुकीचा दोष. तबकडी माझी गेली."

काडतूस फसलं तर दोष भरणाऱ्याचा, बंदूक फसली तर धरणाऱ्याचा. मी लिहिलं, बंदुकीचा दोष. त्याच बंदुकीनं पुढचे सगळे बार व्यवस्थित काढले. म्हाताऱ्या कमानीला इतक्या तातडीनं गुण आलेला मी प्रथमच पाहिला.

क्लॅरी शेवटून दुसरा. शेवटून पहिला दिगंबर. सॉसेज, कांदा, पाव. क्लॅरीनं चार खाल्ले.

१० मार्च

दिगंबरनं क्लॅरीची बंदूक साफ करायला आणली होती. उघडून पाहिली. कमान ठीक. नव्यासारखी.

कुंपणावर क्लॅरीला विचारलं. टोमॅटोला पाणी घालत होता, डाव्या हातानं. "बंदुकांचेही चांगले-वाईट दिवस असतात, मँडी. साप्ताहिकात छापू नकोस."

छापलं नाही.

१५ मार्च, रविवार

नेव्हिल आला. एकटा. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड. टेबलावर ठेवून उघडलं. दुसऱ्याच एका ट्रॅक्टरच्या क्लचचं पेडल, घासून लख्ख केलेलं.

"क्लॅरीला विचारशील, मला असं एक करून देईल का? त्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो. आत जाववलं नाही."

मी काही बोलायच्या आत म्हणाला, "बंदूक नव्हती चुकली. टोपी वाकडी बसली होती. हात हलला की तशीच बसते. त्यानं अंगठा फिरवला तेव्हाच मला कळलं, याला कळलंय."

मग त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला. ताटलीतले चमचे वाजायला लागले. दोघंही ते ऐकत बसलो.

मी चहा केला. त्याचा कप अर्धाच भरला.